कोठारावरची माणसे

नोकरीची तीस वर्षे गावोगाव हिंडण्यात गेली. एस.टी.च्या थांब्यावर, चावडीपुढे, सोसायटीच्या गोदामाशी कोणाची ना कोणाची वाट पाहत उभे राहावे लागते, तेव्हा माणूस भिंती वाचू लागतो. सिमेंटची जाहिरात, खताची जाहिरात, औषधाच्या बाटलीशेजारी हसणारा गोरागोमटा शेतकरी, ज्याने उभ्या जन्मात पाठीवर पंप घेतलेला नाही. काही भिंती मीही रंगवून घेतल्या. ‘माती परीक्षण करा’, ‘बीजप्रक्रिया करूनच पेरणी करा’. अक्षरे फूटभर उंच आणि खाली खात्याचे नाव. पेंटरचे बिल जोडले, भिंतीचा फोटो लावला, की काम संपले. त्या भिंतीवर त्याच गावचा माणूस असावा, असे मला कधी सुचले नाही. गावातही कोणी तसे म्हटले नाही.

2023 च्या दिवाळीनंतर आम्ही उभयता मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो. जावई मेलबर्नला नोकरीला आहेत. पहिले आठ दिवस समुद्र, बागा आणि मोठमोठी दुकाने पाहण्यात गेले. नवव्या दिवशी मी कंटाळलो. मुलीने ते ओळखले. म्हणाली, “बाबा, चला तुम्हाला शेतं दाखवते. आणि एक गंमतही आहे. तिकडे धान्याच्या कोठारांवर शेतकऱ्यांची चित्रं काढलीत. दहा-दहा मजले उंच.”

“कुठल्या कंपनीची जाहिरात?” मी विचारले.

“जाहिरात नाही हो बाबा. तिथलीच माणसं आहेत.”

ती चित्रे पाहून आलो, त्याची ही हकीकत.

गव्हाचा मुलूख

मेलबर्न हे व्हिक्टोरिया राज्याचे राजधानीचे शहर. तिथून वायव्येला तीनशे किलोमीटरवर हॉर्शम नावाचे बाजारपेठेचे गाव लागते. त्याच्या भोवतीचा मुलूख तो विमेरा, आणि त्याच्याही उत्तरेला मॅली. जमीन तव्यासारखी सपाट. वर्षाचा पाऊस विमेराच्या उत्तर भागात साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माण-खटावच्या माणसालाही कमी वाटावा इतका. तोही हिवाळी पाऊस. त्यांचा हिवाळा जून ते ऑगस्ट. एप्रिल-मे-जूनमध्ये पेरणी करायची आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हात काढणी. गहू, सातू, तेलासाठी कॅनोला, मसूर, हरभरा आणि जोडीला मेंढ्या. सारे पावसावर. चांगल्या सालात गहू हेक्टरी अडीच-तीन टन उतरतो, वाईट सालात पेरलेले बीही परत मिळत नाही.

एकेका कुटुंबाची जमीन हजार-दोन हजार हेक्टर. हा आकडा ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, “मग यांना कसली चिंता?” पण गाडी जसजशी पुढे गेली तसतशी चिंता दिसू लागली. तासभर गेला तरी रस्त्याकडेला माणूस नाही. लांब कुठेतरी एक घर, एक पाण्याची टाकी, चार झाडे. मधूनच एखादे गाव लागे. रुंद रस्ता, बंद दुकान, बंद बँक, चर्च, खेळाचे मैदान. आणि प्रत्येक गावाच्या शेजारी, रेल्वेच्या रुळालगत, काँक्रीटचे किंवा लोखंडी पत्र्याचे उंच गोल बुरूज. ती धान्याची कोठारे. त्यांना सायलो म्हणतात. देवळाचा कळस दिसला की आपण गाव आले म्हणतो, तसे तिकडे सायलो दिसला की गाव आले.

पहिले चित्र रुपान्यप या गावी पाहिले. पत्र्याच्या दोन सायलोंवर एक मुलगी आणि एक मुलगा. दोघेही तिथल्याच खेळाच्या संघातले. ती नेटबॉल खेळणारी, तो फुटबॉल खेळणारा. 2017 मध्ये युलिया वोल्चकोवा या रशियन चित्रकर्तीने ते काढले. शेतीच्या मुलखात खेळाडू कशाला, असे मला वाटले. पुढे कळले, की या भागात शनिवारचा सामना म्हणजे आपल्याकडची गावची जत्रा. आठवडाभर एकेकटी राहिलेली माणसे त्या दिवशी एकमेकांना भेटतात. तरुण पोरे शहरात गेली आणि संघाला पुरेसे गडी मिळेनासे झाले. तेव्हा कित्येक शेजारी गावांनी वर्षानुवर्षांची चुरस सोडून आपले संघ एक केले. त्या दोन मुलांची चित्रे गावाने का काढून घेतली, हे मग निराळे सांगावे लागले नाही.

रुपान्यपच्या शिवारात मसूर काढणीला आली होती. विमेरातल्या मसुरीचे आणि ऑस्ट्रेलियातल्या हरभऱ्याचे मोठे गिऱ्हाईक आपला देश आहे. डिसेंबर 2017 मध्ये भारताने या दोन्हींच्या आयातीवर तीस टक्के कर लावला आणि तिकडच्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. तो कर लावला तेव्हा मी आपल्या हरभरा उत्पादकांच्या बाजूने मनात टाळी वाजवली होती, आणि आजही माझे मत तेच आहे. पण कराच्या पलीकडच्या टोकालाही माणूसच असतो, हे त्या बांधावर उभे राहिल्यावर समजले.

पोत्यापासून सायलोपर्यंत

ही कोठारे आली कशी आणि रिकामी पडली कशी, हे थोडे सांगितले पाहिजे. त्याशिवाय चित्रांचा अर्थ लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी या मुलखातला गहू पोत्यांतून जाई. पोती तागाची, कलकत्त्याहून येणारी. म्हणजे बंगालच्या शेतकऱ्याचा ताग तिकडच्या गव्हाला लागे. एका पोत्यात सुमारे ब्याऐंशी किलो गहू. हमाल ते पाठीवर घेऊन फळीवरून चढत आणि स्टेशनाजवळ पोत्यांच्या टोलेजंग थप्प्या रचत. वर पत्रा नाही तर ताडपत्री. 1917 मध्ये पहिल्या महायुद्धामुळे जहाजे मिळेनात, थप्प्या पडून राहिल्या आणि उंदरांचा असा सुळसुळाट झाला, की लाखो उंदीर मारले तरी गहू वाचेना. पोती कुरतडून थप्प्या ढासळत होत्या.

तेव्हा धान्य सुटे साठवावे, पोत्यातून नव्हे, हा विचार जोर धरू लागला. व्हिक्टोरिया राज्याने 1930 नंतरच्या दशकात त्यासाठी मंडळ नेमले आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास रेल्वेकडेला काँक्रीटचे सायलो उभे राहू लागले. रचना सोपी. गाडी येऊन गहू खड्ड्यात ओतते. बादल्यांची फिरती माळ तो गहू शंभर फूट वर नेते आणि सायलोच्या तोंडात टाकते. काढताना खालचे झाकण उघडले, की धान्य आपल्याच भाराने रेल्वेच्या डब्यात उतरते. आपले पेव जमिनीच्या पोटात, यांचे आभाळात, एवढाच फरक.

मर्टोआ गावी त्या काळचे आणखी एक कोठार अजून उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जहाजे मिळेनात, तेव्हा 1941-42 मध्ये अवघ्या काही महिन्यांत ते बांधले. लोखंड युद्धाला लागत होते, म्हणून न तासलेली 560 झाडांची खोडे रोवून त्यांवर पत्रा टाकला. लांबी सुमारे 270 मीटर, रुंदी 60 मीटर. छपराचा उतार गव्हाच्या राशीच्या उताराइतकाच, म्हणजे रास वाढत वाढत छपराला जाऊन भिडावी. आत पाऊल टाकले आणि सौ.नी नकळत चप्पल काढली. “देऊळच वाटलं,” त्या म्हणाल्या. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत त्याची नोंद झाली.

मग सायलो रिकामे का पडले? मोठाले ट्रक आले आणि धान्य थेट मोठ्या केंद्रावर जाऊ लागले. तिथे जमिनीवरच रास घालून ताडपत्रीने झाकतात. ते स्वस्त पडते. शेतकऱ्यांनी घरच्या घरी पत्र्याचे सायलो उभारले. जुने काँक्रीट हवाबंद नसल्यामुळे किडीसाठी धुरी देणे अवघड झाले. छोट्या स्टेशनांवर गाडी थांबेना. आपल्या विकास सोसायट्यांच्या गोदामांची कहाणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाडायला खर्च येतो म्हणून नुसते उभे.

ब्रिमचे चौघे

रात्री हॉर्शमला राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शीप हिल्स पाहिले. तिथे ॲडनेट नावाच्या चित्रकाराने 2016 मध्ये चार सायलोंवर चार चेहरे काढले आहेत. दोन वडीलधारी माणसे, दोन मुले, मागे तारांनी भरलेले आभाळ. ही मंडळी त्या भूमीच्या मूळच्या रहिवाशांपैकी, वोत्जोबालुक आणि वेर्गाया लोकांची. गोऱ्यांचा नांगर या जमिनीला लागला त्याच्या हजारो वर्षे आधीपासून ते इथे राहत होते, आणि नांगर आला तेव्हा त्यांची जमीन गेली. गव्हाच्या कोठारावर त्यांचे चेहरे आहेत, ही गोष्ट मला मोठी वाटली.

तिथून वॉरॅकनाबील आणि पुढे वीस किलोमीटरवर ब्रिम. शे-दोनशे वस्तीचे गाव. या मुलखातली सगळी चित्रे इथून सुरू झाली. ऑस्ट्रेलियात सायलोवर मोठे चित्र पहिल्यांदा निघाले ते 2015 मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थॅमला. पण शेतकऱ्याचा चेहरा सायलोवर चढला आणि सगळ्या देशाचे लक्ष गेले ते ब्रिममध्ये.

1997 ते 2009 पर्यंत तिकडे मोठा दुष्काळ पडला होता. त्यातून सावरतात न सावरतात तोच 2014 आणि 2015 ही सालेही कोरडी गेली. त्या 2015 च्या अखेरीला गावाजवळच्या 1939 सालच्या रिकाम्या सायलोंवर चित्र काढण्याचे ठरले. गावातल्या हौशी कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला. ग्वीडो व्हॅन हेल्टन हा तिशीच्या आतला चित्रकार आला. गावात राहिला, लोकांचे फोटो काढले आणि वर उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यात उभा राहून ऐन उन्हाळ्यात रंग देऊ लागला. जानेवारी 2016 मध्ये काम पुरे झाले.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजले होते. ऊन चटका देत होते, माश्या तोंडावर बसत होत्या. समोर तीस मीटर उंचीचे चार सायलो एकमेकांना चिकटून उभे, आणि प्रत्येकावर एक शेतकरी. तिघे पुरुष, एक बाई. वेगवेगळ्या पिढ्यांची माणसे. हातात कणीस नाही, शेजारी ट्रॅक्टर नाही, तोंडावर हसू नाही. अंगात रोजचे कामाचे कपडे. रंगही भडक नाहीत. काँक्रीटचाच करडा आणि मातकट रंग घेऊन चित्र असे बसवले आहे, की सायलोवर माणसे काढली आहेत असे वाटत नाही. सायलोतच ती होती आणि वरचा गिलावा उडाल्यावर दिसू लागली, असे वाटते.

चित्रात नावे लिहिलेली नाहीत. गावाला ठाऊक आहेत, तेवढे पुरे.

मी आयुष्यात शेतकऱ्यांचे पुष्कळ सत्कार केले. शाल, श्रीफळ, फेटा आणि फोटो. ज्याचे पीक सर्वांत चांगले आले त्याचा सत्कार. ब्रिममध्ये मला एक गोष्ट लागली. या चौघांना कोणी पहिला नंबर दिला नव्हता. पीक बुडालेल्या साली, रिकाम्या कोठारावर, त्यांना उभे केले होते. ज्याच्याजवळ त्या वर्षी दाखवायला काहीच नव्हते, त्याला गाव म्हणाले, तू आहेस हेच पुष्कळ आहे. आमच्या खात्यात असा सत्कार कुठल्या योजनेत बसत नाही.

पुढे 2016 चा पाऊस उत्तम झाला आणि त्या हंगामात ऑस्ट्रेलियात हिवाळी पिकांचा विक्रम झाला. चित्राने पाऊस पडत नाही, हे मी कृषी पदवीधर म्हणून सांगतो. पण चित्राआधीचे आणि चित्रानंतरचे वर्ष गावाच्या आठवणीत जोडले गेले असणार, यात शंका नाही.

सौ. बराच वेळ त्या बाईकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, हिला बरं तिघांच्या बरोबरीनं उभं केलं. मागं नाही, पुढं नाही. तेवढीच उंच.”

“हो ना.”

“आणि आपल्या आत्याबाईंचं नाव कुठं आहे?”

आत्याबाई म्हणजे माझी आई. प्रश्न साधा होता. उत्तर मला ठाऊक होते आणि ते तोंडातून निघेना. मी पाण्याची बाटली काढायला गाडीकडे गेलो. त्या उत्तराकडे शेवटी येतो.

पुढची तीन गावे

ब्रिमची बातमी देशभर झाली. लोक गाड्या घेऊन येऊ लागले. मग राज्य आणि केंद्र सरकारने पैसा घातला आणि रुपान्यप, शीप हिल्स, ब्रिम, रोझबेरी, लॅसेल्स, पॅचेवोलॉक अशा सहा गावांची दोनशे किलोमीटरची वाट तयार झाली. पुढे तिच्यात आणखी गावांची भर पडली, आणि आज देशात पन्नासहून अधिक ठिकाणी असे सायलो रंगवलेले आहेत. व्हॅन हेल्टनला तर अमेरिकेतूनही बोलावणे आले. तिथल्या साउथ डकोटा राज्यात फॉकटन या शेतीच्या गावी 2018 मध्ये त्याने धान्याच्या कोठारावर मुले काढली.

रोझबेरीच्या सायलोवर एका बाजूला तरुण मेंढपाळ शेतकरीण उभी आहे. कामाचा सदरा, जीन, पायात बूट आणि नजर सरळ पुढे. दुसऱ्या बाजूला एक माणूस आपल्या घोड्याला जवळ घेऊन उभा. हे चित्र कॅफीन या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकर्तीचे, 2017 सालचे.

लॅसेल्सला नवरा-बायको आहेत. चार पिढ्या त्याच मुलखात शेती केलेल्या घरातले. रोन या चित्रकाराने रंगात पाणी मिसळून चेहरे मुद्दाम फिके ठेवले आहेत. लांबून नीट दिसतात, जवळ गेले की विरल्यासारखे वाटतात. म्हाताऱ्या माणसाचा फोटो उन्हात उडतो, तसे. मला हे चित्र फार वेळ पाहवले नाही.

पॅचेवोलॉकची गोष्ट गमतीची आहे. फिंटन मॅगी हा चित्रकार गावच्या गुत्त्यात मुक्कामाला राहिला आणि चित्राजोगा माणूस शोधू लागला. सायलो अरुंद आणि उंच. त्याला तिथलाच एक शेतकरी भेटला, तोही सडपातळ आणि उंच. झाले! डोळे किलकिले करून उन्हाकडे पाहणारा, निळा चौकडीचा सदरा घातलेला तो शेतकरी आता सुमारे पस्तीस मीटर उंच झाला आहे.

चित्राने काय झाले, काय नाही

असे काही पाहिले की आपल्याला लगेच वाटते, गावाचा कायापालट झाला असेल. खात्याच्या अहवालात आम्हीही तसेच लिहितो. म्हणून जे दिसले तेवढेच सांगतो.

माणसे येतात, हे खरे. आम्ही ब्रिमला होतो त्या तासाभरात चार गाड्या आल्या. कोणी चहा घेतला, कोणी पाव घेतला, कोणी पेट्रोल भरले. ज्या रस्त्याने पूर्वी कोणी वाकडी वाट करून येत नव्हते, तिथे शहरातली पोरेबाळे येतात आणि आईबापांना विचारतात, की हे उंच बुरूज कशाचे? भाकरी कुठून येते याचा निदान पहिला धडा तिथे होतो.

पण बरीच मंडळी गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत निघून जातात. ज्या गावात दुकानच उरलेले नाही, त्या गावाला त्यांचा पैसा मिळत नाही. बंद झालेली शाळा चित्राने उघडत नाही. कापणी-मळणीचे एक यंत्र जिथे वीस माणसांचे काम करते, तिथे ती वीस माणसे परत येत नाहीत. रंगही उन्हापावसाने उडतो, त्याची निगा राखावी लागते. आणि दुष्काळ पुन्हा येतोच.

ब्रिमच्या सायलोपाशी एक म्हातारे शेतकरी भेटले. आमचा वेष पाहून त्यांनी विचारपूस केली. जावयांनी मधे पडून बोलणे करून दिले. मी शेतीखात्यातला, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. किती पडतो, कधी पडतो. दुसरा विचारला मुलांचा, शेतीत आहेत का? मी मुलीकडे बोट केले. ती संगणकाचे काम करते. त्यांनी हसून मान हलवली आणि दूर रस्त्याकडे हात केला. त्यांचीही त्या रस्त्याने गेलेली असावीत. दोन देशांतल्या दोन शेतकरी घरांचे एवढ्यात बोलून झाले.

तरीही माझे मत विचाराल तर हे काम मोलाचे आहे. त्याचे मोल चहा-पावाच्या विक्रीत नाही. उतरती कळा लागलेल्या गावाने आपल्या सर्वांत उंच भिंतीवर काय लिहायचे, हे स्वतः ठरवले, यात आहे. त्यांनी पुढाऱ्याचा चेहरा काढला नाही, देणगीदाराचे नाव लिहिले नाही. आपल्यातले माणूस काढले. आणि ते काढताना बाईला वगळले नाही.

आईचे नाव

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो.

माझे वडील 1998 मध्ये वारले. साडेचार एकर जिरायत जमीन, वर एक विहीर. आईने त्या जमिनीत चाळीस वर्षे काम केले होते. खुरपणी तिची, वेचणी तिची, बी निवडून राखेत घालून गाडग्यात ठेवणे तिचे, शेण सारवलेली कणगी तिची. वडिलांना कुठल्या तुकड्यात काय पेरले होते हे कधी कधी आठवत नसे. आईला दहा वर्षांमागचे आठवे. वारस नोंदीची वेळ आली तेव्हा उताऱ्यावर आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण अशी चार नावे लागणार होती. चार माणसांनी सांगितले, कर्ज काढायला अडचण होते, सह्या गोळा करत बसावे लागते, आई आणि बहिणीचा हक्क सोडवून घ्या. घरात शिकलेला मी. कागद मीच लिहिला. “आई, इथं अंगठा दे,” मी म्हणालो. तिने कशाचा म्हणूनही विचारले नाही. अंगठा पुसायला मी तिला माझा रुमाल दिला, एवढे आठवते. बहिणीने सही केली आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने सासरी गेली.

यात बेकायदा काही नव्हते. घरोघरी हेच चालते. त्याच वर्षी मी तालुक्यात महिलांच्या शेतीशाळा घेत होतो, आणि ‘शेतीतला कणा म्हणजे स्त्री’ असे भाषणात सांगत होतो. आई 2019 मध्ये गेली. जिथे ती राबली त्या जमिनीच्या एकाही कागदावर तिचे नाव नाही. ज्या भिंतीवर मी फूटभर अक्षरे लिहून घेतली, तिथेही नव्हते. ब्रिमच्या त्या बाईचे चित्र शंभर फूट उंच. माझ्या आईला मी सातबाऱ्याची एक ओळ दिली नाही.

आईसाठी आता काही करता येत नाही. पण परत आल्यावर मी धाकट्या भावाशी बोललो. बहिणीच्या हिश्श्याचे बोलणे सुरू केले आहे. ते सोपे नाही, आणि अजून पुरे झालेले नाही. दुसरी गोष्ट मात्र सोपी होती. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. पुढे 1992 मध्ये सरकारनेही त्या नावाची योजना काढली. नवरा हयात असतानाच, त्याने स्वतः अर्ज केला, तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तीस वर्षे ही योजना मला पाठ होती. मी ती इतरांना सांगत होतो.

मी अर्ज केला, भावानेही वहिनीच्या नावाचा केला. फेरफार मंजूर झाला. नव्या उताऱ्याची प्रत आणून मी सौ.पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून आपले नाव वाचले, बोटाने खालची ओळ वाचली, आणि उतारा घडी करून रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. मला वाटले, काहीतरी गोड बोलतील.

“आता कर्जाच्या कागदावर माझीही सही लागणार ना?” त्यांनी विचारले.

“लागेल.”

“मग मला विचारल्याशिवाय काढू नका.”

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावात शंभर फुटांचा सायलो नाही, आणि चित्रकार बोलावण्याइतका पैसाही सोसायटीत नसेल. पण प्रत्येकाच्या घरात एक उतारा आहे. आज संध्याकाळी तो डब्यातून काढा आणि त्यावर कोण कोण उभे आहे, हे एकदा मोजून पाहा.